वाढवून सांगितलेली दारू

भूकंपानंतरच्या हिवाळ्यात मी भिंतींच्या भेगा मोजत होते. बी.ए. होऊन नांदेडला टायपिंगच्या परीक्षा देत बसले होते, तेवढ्यात पाहणीसाठी शिकलेल्या मुली हव्यात असं कळलं. वडील म्हणाले, "कंधारच्या पोरीनं किल्लारीकडं जाऊन काय करायचं?" मी म्हणाले, "फॉर्म भरायचे." आणि गेले.

जी गावं पार मातीत गेली तिथं आमचं काम नव्हतं, कारण मोजायला काही उरलंच नव्हतं. आम्हाला कडेची गावं दिली होती. तिथं घरं उभी होती, पण भिंती तडकलेल्या. आधी आम्ही जाऊन घरातल्या माणसांची माहिती लिहायची, मागून इंजिनिअर यायचे आणि भेगेवरून घराचा वर्ग ठरवायचे. बारीक भेग असेल तर थोडी मदत, रुंद असेल तर जास्त, भिंत कलली असेल तर त्याहून जास्त. हा नियम आम्ही कुणाला सांगितला नव्हता, तरी आठवड्याभरात पोरासोरांना पाठ झाला. मग भेगा वाढायला लागल्या. पहार, विळा, कुदळीचं टोक, जे हाताशी असेल त्यानं लोक भिंती कोरत होते. एका म्हातारीला मी विचारलं, "आजी, ही भेग कधीची?"

"सासूच्या काळातली हाय की. पर तवा तिला मोजायला कोण येत न्हवतं."

मी हसले आणि रकान्यात 'भूकंपामुळे' असं लिहिलं. शेजारच्या घरी एक बाई भिंत लिंपायला बसली होती, तिला म्हणाले, "इंजिनिअर येऊन जाऊ द्या, मग लिंपा." याचा मला तेव्हाही पस्तावा झाला नाही, आजही नाही. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांनी दोन बोटं भेग वाढवली तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण त्या हिवाळ्यात एक अख्खा मुलूख एक गोष्ट शिकला. फॉर्म घेऊन कुणी दारात आलं की आपलं नुकसान आहे त्याहून मोठं सांगायचं. मीही तेच शिकले, आणि शिकले आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.

पुढची दहा-बारा वर्षं मी फॉर्मच भरले. लग्न करून लातूरला आले. लसीकरण, संडास, पिण्याचं पाणी, ज्या विषयाला पैसा येईल त्या विषयाचे फॉर्म. तोवर लातूर बदललं होतं. मेडिकलला लागलेल्या मुलांचे फोटो चौकाचौकात झळकत होते, आणि आपलंही पोरगं त्या बोर्डावर चढावं म्हणून चार-पाच जिल्ह्यांतून आईबाप पेट्या-वळकट्या घेऊन उतरत होते. त्या पोरांना राहायला खोल्या हव्या होत्या. जिथं जागा दिसेल तिथं होस्टेल उभं राहत होतं. ते उभं करणारे हात भूकंपाच्या गावांतले होते. पुनर्वसनात नवी गावं बांधताना शेतमजूर गवंडीकाम शिकले होते. गावं बांधून झाली, हातात कसब राहिलं, गावात काम राहिलं नाही. म्हणून ते लातूरला आले. अर्धवट इमारतीतच झोपायचे, शनिवारी पगार घ्यायचे, मग दारू, मग स्टँडमागच्या गल्ल्या. रविवारी गावी जायचे. सोबत काय घेऊन चाललो आहोत हे त्यांना माहीत नसायचं.

याच विषयाचा अभ्यास आला. पैसा परदेशातला, मुंबईच्या एका संस्थेमार्फत आलेला. दारू पिणाऱ्या पुरुषाला एचआयव्हीचा धोका किती, आणि घरी जाऊन नीट समजावलं तर दारू आणि धोका दोन्ही कमी होतात का, हा प्रश्न. अभ्यासाच्या प्रमुख एक डॉक्टर होत्या, आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. मुंबईच्या असून जेवायला आमच्याबरोबर खाली बसायच्या, मराठी सावकाश बोलायच्या आणि आमचं बोलणं मध्येच तोडायच्या नाहीत. मी क्षेत्र-पर्यवेक्षक होते. नाव मोठं होतं, काम तेच, फॉर्म भरून घेणं. पुरुषांचे फॉर्म पुरुषांनी भरावेत असं ठरलं होतं, पण नेमलेली पोरं फॉर्म सुरू होण्याआधीच क्लासेसच्या ऑफिसांत जास्त पगारावर पळाली. मग मीच भरू लागले. गवंड्यांना माझी अडचण वाटली नाही. चाळिशीकडे झुकलेली, चपला झिजवत येणारी बाई त्यांना तलाठ्यासारखी वाटत असावी.

अभ्यासात दोन बाजू होत्या. लातूरकडच्या भूकंपानंतर वसलेल्या गावांत समुपदेशक जाऊन घरोघर बोलायचा. नांदेडकडे, देगलूरच्या बाजूच्या गावांत नुसतं पत्रक द्यायचं. दर सहा महिन्यांनी दोन्हीकडे तोच फॉर्म भरायचा आणि फरक बघायचा. फरक चांगला दिसला तर दुसऱ्या टप्प्याचा पैसा येणार होता. त्या टप्प्यात एक गाडी आणि एक सोबतीण बाई मंजूर होती, गावातल्या पॉझिटिव्ह लोकांना दर महिन्याला गोळ्या आणायला नेण्यासाठी. आमच्या जिल्ह्यात तेव्हा गोळ्या मिळत नव्हत्या. परजिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात जावं लागायचं. जायला एक दिवस, रांगेत अर्धा, यायला उरलेला. आणि एक महिना जरी हुकला तरी औषध लागू पडेनासं होण्याची भीती.

त्या गाडीवर एका बाईचा जीव अवलंबून होता. तिच्याबद्दल सांगते.

तिचा नवरा गवंडी, अभ्यासातल्या पहिल्या फॉर्मांपैकी एक त्याचा. तपासणीत तो पॉझिटिव्ह निघाला, मग तीही निघाली. त्याची तब्येत ठणठणीत होती, तिची ढासळलेली. तिला गोळ्या लगेच सुरू करायच्या होत्या. पहिल्यांदा तोच तिला घेऊन गेला. तिथल्या स्टँडवर उतरल्यावर "आलोच" म्हणून गेला तो संध्याकाळी आला. ती दवाखान्याच्या दारात दिवसभर बसून राहिली. आत तीन खिडक्या होत्या आणि तिला वाचता येत नव्हतं. दुसऱ्यांदा मी गेले. मग मीच जाऊ लागले, प्रवासाच्या किरकोळ खात्यातून, मॅडमच्या परवानगीनं. गावात सांगितलं होतं की छातीची तपासणी चालू आहे.

निलंग्याकडच्या बायका थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती मला अक्का म्हणायची. वयानं तिच्यात-माझ्यात फार अंतर नव्हतं. जिभेची तिखट. जीपमध्ये मला खिडकीची जागा धरून द्यायची आणि म्हणायची, "बसा. तुमास्नी वांती झाली तर माझ्या गोळ्या कोण आणंल?" अभ्यास पिणाऱ्या पुरुषांचा होता, त्यामुळे तिचा वेगळा फॉर्म नव्हता. नवऱ्याच्या फॉर्मात तिच्यापुरता एक रकाना होता, 'विवाहित', आणि त्यासमोर माझी खूण.

आता चुकीकडे येते.

अभ्यासात कुणाला घ्यायचं याला एक चाळण होती. ठरावीक प्रमाणाच्या वर पिणाराच घ्यायचा. घेतला की त्याची मोफत तपासणी, वर्षातून दोनदा डॉक्टर, फॉर्मच्या दिवशी बुडालेल्या रोजाचे थोडे पैसे. मॅडमना वाटलं, लोक दारू लपवतील, कमी सांगतील. सगळ्या जगात लोक कमीच सांगतात म्हणे. देगलूरकडे तसंच झालं. तिथला माणूस सकाळी शिंदी पिऊन यायचा आणि छातीवर हात ठेवून म्हणायचा, "कधीमधी, पाव्हणे आले तर." पण लातूरकडच्या गावांनी पहिल्याच आठवड्यात ताडलं की कमी सांगणारा बाहेर राहतो आणि जास्त सांगणारा यादीत येतो. यादी म्हणजे काय, हे त्या गावांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

गवंड्याचा पहिला फॉर्म मला आठवतो. नव्या गावात सगळी घरं एकसारखी, रस्ते इतके रुंद की समोरच्याला हाक मारायची तर ओरडावं लागे. तो ओट्यावर बसला होता. प्रश्न एकांतात विचारायचे असा नियम, पण दाराआड ती होती.

"रोज किती घेता?" मी विचारलं.

"एक कॉटर. कधी अर्धीच."

आतून आवाज आला, "अर्धी म्हणं! शेजारच्यानं तीन सांगितल्या. त्याचं नाव लागलं का न्हाई वर?"

"अगं पर मी तीन पीत न्हाई."

"पीत न्हाईस ते मला म्हाईत हाय. सांगायला काय पैसं पडतेत व्हय?"

तो माझ्याकडे बघून लाजल्यासारखा हसला. "दोन लिवा, ताई."

मी दोन लिहिल्या. नियमाप्रमाणे जो सांगेल तेच लिहायचं असतं, त्यामुळे माझी मान अडकत नव्हती.

समुपदेशक नांदेडच्या इतवाऱ्यातला होता. शिंप्याच्या घरातला, लखनवी कुर्ता घालणारा, बोलण्यात असा की गवंडी विडी विझवून ऐकत बसायचे. मला बाजी म्हणायचा, म्हणजे ताई. दारू सोडा असं तो कधीच म्हणाला नाही. शनिवारी पगार झाला की आधी बायकोला फोन करायचा, मग काय प्यायची ती प्या, असं सांगायचा. वेडगळ वाटेल, पण लागू पडत होतं. आमचा गवंडी फोन करायचा आणि ती त्याला फोनवर असं काही ऐकवायची की त्याचा दुकानापर्यंत जायचा उत्साहच मरायचा. वर्षभरात तो आठवड्याला एकदा, कधी तेही नाही, इथवर आला. चेहऱ्यावरची सूज उतरली. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मग वर्षाचा फॉर्म आला. तो म्हणाला, "रोज तीन."

मी पेन थांबवलं. "तीन?"

"कमी सांगितलं तर नाव काढतेत ना? मग हिला न्यायला कोण येनार?"

नाव कमी पिण्यावरून काढत नाहीत, हे त्याला सांगायला हवं होतं. सांगितलंही, पण पुटपुटत, 'भिंतीला हात लावू नका' असं तेव्हा इंजिनिअरसमोर म्हणायचे तसं. त्यानं मान हलवली, मला सगळं कळतंय अशी. मी तीन लिहिलं. त्या गावातले जवळजवळ सगळे फॉर्म असेच भरले.

परतताना जीपमध्ये समुपदेशक म्हणाला, "बाजी, ही माणसं पिऊन राहिलीत कमी आणि सांगून राहिलीत जास्त. तुम्ही लिहून पण घेता?"

"मी जे सांगतात ते लिहिते."

"मॅडमला सांगू या."

"सांगून काय होणार? जिथं जास्त बिघडलंय तिथंच पैसा येतो. एवढी वर्षं मी हेच बघतेय. आकडा मोठा दिसू द्या, गाडी मिळेल."

तो म्हणाला, "म्हणजे मी वर्षभर जे बोललो ते झालंच नाही, असं दिसंल ना कागदावर?"

मी त्याला म्हणाले, "तुम्हाला शाबासकी हवी का गाडी हवी?" जीपमधले बाकीचे हसले. तोही हसला. हे वाक्य मला अजून ऐकू येतं. त्यानं जे विचारलं होतं तोच अख्ख्या अभ्यासाचा प्रश्न होता, आणि मी, जिनं आयुष्यभर फॉर्म भरले, तिला तो समजला नाही. मदत ठरवणारा फॉर्म आणि इलाज लागू पडतो का हे बघणारा फॉर्म, यांत फरक असतो. पहिल्यात जखम मोठी दाखवली तर मिळतं. दुसऱ्यात बरं झालेलं दाखवलं तरच मिळतं. प्रशिक्षणात हे सांगितलं होतं. मी वहीत उतरवून घेतलं होतं, सुवाच्य अक्षरात.

अभ्यासाला दीड वर्ष झालं तेव्हा मॅडम आल्या. आमचं ऑफिस एका घराच्या वरच्या मजल्यावर होतं, खाली क्लासच्या पोरांची मेस. भाजीला फोडणी पडली की आम्ही सगळे खोकायचो. मॅडमनी लॅपटॉप उघडला आणि आम्हा दोघांना जवळ बोलावलं. त्या चिडल्या नव्हत्या, थकल्या होत्या.

"ज्या गावांत आपण समजावलं, तिथं दारू वाढली," त्या म्हणाल्या. "जिथं नुसतं पत्रक दिलं, तिथं होती तेवढीच आहे. म्हणजे आपण बोलल्यानं लोक जास्त प्यायला लागले, असा याचा अर्थ निघतो. दुसऱ्या टप्प्याचा अर्ज पाठवायला पंधरा दिवस आहेत. मला कुणीतरी सांगा की हे काय आहे."

समुपदेशक माझ्याकडे बघत नव्हता. माझी चुगली करणार नाही, हे त्यानं ठरवलेलं दिसत होतं. मग मी सगळं सांगितलं. भूकंपाच्या भेगांपासून.

मॅडमनी मध्ये एकदाच विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या फॉर्मपासून."

"पहिल्या?"

"हो."

खालून पोरांच्या ताटांचा आवाज येत होता. मी म्हणाले, "आता कमी करून टाकता येईल. कोण किती पितो ते मला घरनिहाय माहीत आहे. मी बसून सगळे आकडे खरे करून देते."

"ते खरे आकडे नसतील," मॅडम म्हणाल्या. "ते तुमचे आकडे असतील."

त्यांचं बरोबर होतं. मला राग आला तो त्यामुळेच. मी म्हणाले, "मॅडम, तिकडे एक बाई मरेल."

"मला माहीत आहे कोण ते," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच माहीत होतं, किरकोळ खात्याच्या प्रत्येक पावतीवर त्यांची सही होती. "आहे तेच पाठवलं तर ते म्हणतील, तुमच्या पद्धतीनं नुकसान होतं. आकडे विश्वासाचे नाहीत असं लिहिलं तर म्हणतील, तुम्हाला काम येत नाही. दोन्हीकडून पैसा बंद. मी दुसरं लिहिणार आहे. निदान ते खरं आहे."

त्यांनी तसंच लिहिलं. आणखी एक वर्ष द्या, पद्धत बदलून पुन्हा मोजतो, अशी विनंतीही केली. उत्तर सभ्य भाषेत आलं. असा अभ्यास दुसऱ्या एका देशात चांगला चालला आहे, पुढचा पैसा तिकडे देण्याचं ठरलं आहे, आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. त्यानंतर या विषयावर आमच्या भागात कुणी पैसा घातल्याचं मी तरी ऐकलं नाही. मॅडमना पुढे संस्थेत दुसरं काम दिलं. समुपदेशक नांदेडला परत गेला, एका क्लासमध्ये पालकांशी बोलायच्या कामाला लागला. एकदा भेटला तेव्हा म्हणाला, "बाजी, इथं पण तेच आहे. पोरगं किती अभ्यास करतं विचारलं की आईबाप वाढवून सांगतात." मला हसू आलं नाही.

ऑफिस रिकामं केलं त्याच आठवड्यात घरमालकानं तो मजला मुलींच्या होस्टेलला दिला आणि मला विचारलं, "बाई, तुम्ही रेक्टर म्हणून थांबता का? तुम्हाला माणसं हाताळायची सवय आहे." मी हो म्हणाले. घरी बसून चालणारं नव्हतं. जिथं फॉर्मांचं कपाट होतं तिथं चार पलंग टाकले.

महिन्याभरानं गवंडी होस्टेलवर आला. दाढी केलेली, धुतलेला सदरा, तोंडाला कसलाही वास नाही. मुली पाण्याच्या बाटल्या भरत होत्या म्हणून तो जिन्यातच उभा राहिला.

"ताई, फॉर्म पुन्यांदा भरा."

"आता फॉर्म नाहीत हो. ते काम बंद झालं."

"आमी जास्ती सांगितली म्हनून बंद झालं म्हनत्यात."

कुणी सांगितलं हे मी विचारलं नाही.

"मी कमी सांगतो," तो म्हणाला. "तुमी म्हनाल तितकी कमी. न्हाईतर काहीच पीत न्हाई म्हनून लिवा. गावातल्या सगळ्यास्नी सांगून आलोय, ताई आल्या की कमी सांगायचं. सगळे हाव म्हनलेत."

मी त्याला समजावलं. पैसा आता दुसरीकडे गेला आहे, मॅडम नाहीत, गाडी मिळणार नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मी बोलायची थांबल्यावर त्यानं विचारलं, "मग एक कॉटर लिवली तर?"

पहिले दोन महिने मी सुट्टी काढून तिच्याबरोबर गेले. तिसऱ्या महिन्यात घरमालकानं सुनावलं की रेक्टर नसलेल्या दिवशी पालकांचे फोन येतात. तिच्या नवऱ्यानं एकदा नेलं. तेव्हा तो पिऊन नव्हता, पण चुकीच्या खिडकीत उभे राहिले आणि नंबर येईतो खिडकी बंद झाली. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबायचं तर मुक्काम कुठं करणार? तसेच परतले. तो महिना गोळ्यांवाचून गेला. तिला ताप येऊ लागला. त्याच सुमाराला तो पुन्हा पिऊ लागला. फॉर्ममध्ये आम्ही दोघांनी मिळून जो आकडा लिहिला होता, तिथवर तो त्या वर्षात खरोखर पोचला.

मी तिला एकटीनं जायला शिकवायचं ठरवलं. तीन खिडक्यांची चित्रं कागदावर काढून दिली, पहिलीवर एक टिकली, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. तिनं कागद बघितला आणि म्हणाली, "अक्का, तिथल्या खिडक्यास्नी टिकल्या लावल्यात व्हय?" तरी घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला.

एक महिना ती त्या कागदावर जाऊन आली. दमून, पण आली. होस्टेलवर थांबून माझ्या हातचा चहा प्यायली आणि मुलींच्या खोल्यांत डोकावून म्हणाली, "ह्या समद्या डाक्टर होनार? मग एकीला सांगा, गोळ्या आमच्या गावात ठिवायच्या." तिथं बसलेल्या मुली हसल्या. त्यांच्यातली एक पुढे डॉक्टर झाली असेलही.

पुढचा महिना आला तो ॲडमिशनच्या गर्दीत. नवीन बॅच, जिन्यापासून रस्त्यापर्यंत पालक, प्रत्येकाला खिडकीजवळचा पलंग हवा होता. सकाळी फोन वाजला.

"अक्का, मी स्टँडवर हाय. आज अंगात ताकत न्हाई. तुमी येताव का?"

माझ्यासमोर देगलूरहून आलेले एक वडील पावती मागत उभे होते. मी म्हणाले, "आज नाही जमायचं. कागद आहे ना तुमच्याकडे? तुम्ही जाऊन या, संध्याकाळी इकडेच या."

"हाव," ती म्हणाली.

संध्याकाळी ती आली नाही. लातूरच्या स्टँडवरूनच उलटी गावाकडच्या जीपमध्ये बसली होती. पुन्हा ती कुठल्याच महिन्याला गेली नाही. मी दोनदा गावी जाऊन आले, बोलले, रागावले. ती म्हणाली, "आता र्‍हाऊ द्या अक्का, लई झालं जाणं-येणं." दिवाळीच्या आत गेली. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत, जिल्ह्यातच गोळ्या मिळू लागल्या. शहराच्या दवाखान्यात, आमच्या होस्टेलपासून रिक्षानं जाण्याइतक्या अंतरावर.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी गावी जाऊन आले. गवंडी ओट्यावर बसला होता, पिऊन नव्हता. बाकीचे उठून गेल्यावर त्यानं विचारलं, "ताई, त्या दिवशी स्टँडवरनं तिनं तुमास्नी फोन लावला हुता. तुमी काय म्हनला, ते तिनं मला शेवटपातूर सांगितलं न्हाई. तुमीच सांगा."

"ॲडमिशनची गर्दी आहे, एकट्याच जा, असं म्हणाले."

त्यानं मान हलवली. 

"गर्दी तर हुतीच," तो म्हणाला. "मी बघितली. त्या दिवशी तुमच्या मागच्या गल्लीत स्लॅब चालू हुता, मीबी वरच हुतो."